अमेरिकेचं धोरण बदलतं तेव्हा रियाध, अंकारा, तेहरान काय म्हणतात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा अध्यक्ष बदलला की आपल्याकडे 'आता भारताचं काय?' हा एकच प्रश्न रंगतो. पश्चिम आशियात हाच प्रश्न जास्त जिवावरचा असतो. डोक्यावरच्या आकाशात विमानं कुणाची, तेल कुठल्या समुद्रातून जाणार, शेजारच्या देशात सरकार कुणाचं, हे वॉशिंग्टनमधल्या वाऱ्यावर ठरलेलं त्या लोकांनी दोन पिढ्या पाहिलंय. खालची उत्तरं २०२५ अखेरपर्यंतच्या घडामोडी धरून लिहिली आहेत.

इथल्या प्रादेशिक सत्ता म्हणजे नेमके कोणते देश? सगळे अरबच ना?

नाही. सौदी अरेबिया, इराण, तुर्की आणि इस्रायल हे चार ठळक, आणि त्यातला अरब फक्त एक. संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे आकाराने चिमुकले, पण पैसा, विमानतळ आणि मध्यस्थी यांच्या जोरावर त्यांनी पंगतीत पाट मिळवलाय. इजिप्त एकेकाळी या पंगतीचा यजमान होता. आज तो अमेरिकेकडून वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत घेतो आणि सहसा आवाज चढवत नाही.

अमेरिकेचं धोरण बदललं म्हणजे नक्की काय बदललं?

१४ फेब्रुवारी १९४५ रोजी सुएझ कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये 'क्विन्सी' या युद्धनौकेवर अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे राजे अब्दुलअझीझ भेटले. 'तेल तुमचं, संरक्षण आमचं' हा सौदा तिथे ठरला असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात त्या भेटीतला बराच वेळ पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर गेला आणि असा लेखी करार काही झाला नाही. सगळी मेख इथेच आहे. ज्या वचनावर ऐंशी वर्षं काढली, ते कागदावर कुठेच नाही.

तरी वचन पाळलं जात होतं. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केलं की आखातावर कुण्या परक्या सत्तेने ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर अमेरिका लष्करी बळ वापरेल. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं, तेव्हा अमेरिकेने सुमारे पाच लाख सैनिक आणून उभे केले. भरवशाचा कळस तो. मग २००३ चं इराक युद्ध आलं आणि अमेरिकी मतदार या प्रदेशाला विटला. जमिनीखालच्या खडकातून तेल काढायचं तंत्र साधलं आणि २०१८ पासून अमेरिका स्वतःच जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक झाली. चीनकडे लक्ष वळलं. डिसेंबर २०२५ च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात तर अमेरिका खंडांना अग्रक्रम आहे, आणि पश्चिम आशियाने अमेरिकी परराष्ट्र धोरण व्यापून टाकण्याचे दिवस संपले असं स्पष्ट लिहिलंय.

पण बहरीनमध्ये अमेरिकेचं पाचवं आरमार आहेच. कतारच्या अल उदैद तळावर दहाएक हजार माणसं आहेतच. पाहुणा उठलो म्हणतोय, पण चपला अजून दारातच.

एखादी महासत्ता आखातातून निघून गेली, असं पूर्वी कधी झालंय का?

झालंय, आणि त्याची गोष्ट थेट मुंबईपर्यंत येते.

इंग्रजांनी १८३९ मध्ये येमेनमधलं एडन बंदर घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून पाहिला. इराणच्या किनाऱ्यावर बुशेहरला बसणारा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार असायचा. आखातातल्या बाजारांत रुपया चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. जून १९६६ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, आणि कुणाचंही काही चुकलेलं नसताना आखातातल्या व्यापाऱ्यांची गल्ल्यातली रक्कम रातोरात आटली. मग त्यांनी रुपया सोडला.

पाठोपाठ जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केलं की १९७१ अखेरपर्यंत आम्ही सुएझच्या पूर्वेकडून निघणार. ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. अबू धाबीचे शेख झायेद म्हणाले, फौजेचा खर्च आम्ही देतो, राहा. लंडनला ते अपमानास्पद वाटलं. आमचे सैनिक भाडोत्री नाहीत, असा संरक्षणमंत्री डेनिस हीली यांचा सूर होता. ३० नोव्हेंबर १९७१ ला, संरक्षणाचे करार संपायला तास उरले असताना, इराणच्या शहाने मोठं आणि छोटं तुंब ही बेटं घेतली आणि अबू मुसावर सैनिक उतरवले. ब्रिटिश आरमाराने बोटही हलवलं नाही. दोन दिवसांनी अमिरातींचा जन्म झाला. ती बेटं आजही इराणकडेच आहेत आणि अमिराती अजून ती मागते आहे.

तेव्हा आखाती शेखांचा धडा दुहेरी आहे. दुसऱ्याचं चलन आणि दुसऱ्याचं आरमार, दोन्ही कधी दगा देतील याची तारीख आपल्याला कुणी कळवत नाही. मला विचाराल तर अमेरिकेकडे बघण्याची त्यांची नजर इथे घडली.

सौदीचा अमेरिकेवरचा विश्वास कधी उडाला?

एका दिवशी उडाला नाही, झिजत गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये इजिप्तचे होस्नी मुबारक गडगडू लागले तेव्हा ओबामांनी त्यांना पायउतार व्हायला सांगितलं. तीस वर्षांच्या दोस्ताची ही गत, तर उद्या आपलं काय, हे सौदी राजघराण्याने मनात टिपून ठेवलं. महिन्याभरात बहरीनमध्ये निदर्शनं पेटली, तेव्हा सौदीने वॉशिंग्टनच्या होकाराची वाट न बघता समुद्रावरच्या पुलावरून फौज धाडली.

ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात दमास्कसजवळच्या घौता भागात रासायनिक अस्त्रं वापरली गेली. ही लाल रेषा आहे असं ओबामा आधीच म्हणून बसले होते, पण रेषा ओलांडल्यावर अमेरिकेचा हल्ला काही झाला नाही. सौदी इतका रागावला की ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेची जागा जिंकून दुसऱ्याच दिवशी त्याने ती नाकारली. २०१५ मध्ये इराणशी अणुकरार झाला. पुढच्या वर्षी ओबामा एका मुलाखतीत म्हणाले की सौदी आणि इराण यांनी शेजार वाटून घ्यायला शिकावं. रियाधमध्ये हे वाक्य शिवीसारखं ऐकलं गेलं.

पण सौदीला मुळापासून हलवणारी तारीख १४ सप्टेंबर २०१९ आहे, आणि ती ओबामांच्या काळातली नाही. पहाटे ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं अबकैक आणि खुरैस इथल्या तेलप्रकल्पांवर आदळली. रोजचं ५७ लाख पिंप उत्पादन थांबलं. देशाचं निम्मं, जगाचं पाचेक टक्के. येमेनमधल्या इराणच्या पाठिंब्यावरच्या हुती बंडखोरांनी जबाबदारी घेतली, अमेरिका आणि सौदीने इराणकडे बोट दाखवलं, इराणने हात झटकले. व्हाइट हाऊसमध्ये इराणला पाण्यात पाहणारे, रियाधचे लाडके ट्रम्प बसलेले. ते म्हणाले, हा हल्ला सौदीवर झालाय, आमच्यावर नाही.

कार्टर यांचं १९८० चं वचन तिथेच संपलं असं मी म्हणेन. ओबामांबद्दलचा राग 'माणूस वाईट आहे' म्हणून गिळता आला असता. ट्रम्पही तसेच वागले म्हटल्यावर दोष माणसाचा उरला नाही.

मग सौदी आता चीनच्या कंपूत गेला का?

तळ्यात-मळ्यात हा खेळ आठवतो? तोच चाललाय.

१० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये सौदी-इराण समेटाची घोषणा झाली आणि 'अमेरिका गेली, चीन आला' असे मथळे झळकले. त्याआधी दोन वर्षं याच वाटाघाटी बगदाद आणि मस्कतमध्ये रखडत चालल्या होत्या. शिजवलं इराक-ओमानने, वाढलं चीनने. चीनवर अशी नजर ठेवणंही नवं नाही. सौदीने चीनकडून गुपचूप लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं घेतल्याचं १९८८ मध्येच उघड झालं होतं, म्हणजे अमेरिकेशी सूत सर्वांत जुळलेलं असतानाच.

उलट बाजूही बघा. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. हवाई दल मुख्यतः अमेरिकी विमानांवर उडतं. २०२३ अखेरीपासून हुती तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हा चिनी आरमार इतरांच्या मदतीला धावलं नाही. चीन माल विकेल, तेल घेईल, पण रात्री दोन वाजता दार उघडणार नाही, हे रियाध ओळखून आहे. अमेरिका उघडेलच याची खात्री नाही, एवढाच फरक.

गंमत म्हणजे अमेरिकेने हुतींविरुद्ध आरमारी मोहीम काढली तेव्हा सौदीही त्यात सामील झाला नाही. अरबांपैकी उघडपणे नाव दिलं ते फक्त बहरीनने. येमेनमधल्या हुतींविरुद्धच्या युद्धातून अंग काढून घेत असताना पुन्हा चिखलात पाय कोण घालणार?

अमिरातीचं दुखणं काय होतं?

१७ जानेवारी २०२२ ला हुतींनी अबू धाबीतल्या मुसफ्फा इथल्या तेलडेपोवर ड्रोन-क्षेपणास्त्रांनी हल्ला केला. तीन कामगार गेले. दोन भारतीय, एक पाकिस्तानी. अमेरिका धावून येईल अशी शेखांची अपेक्षा होती, ती सावकाश आली. महिन्याभराने युक्रेनवर रशिया चालून गेला आणि सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा ठराव आला. अमिरातीने भारत आणि चीनबरोबर तटस्थ मत टाकलं. मार्चमध्ये तिच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूतांनी जाहीर सांगितलं की या नात्याची सध्या ताणचाचणी चालू आहे. राजदूताच्या भाषेत हे म्हणजे भांडं आपटण्यासारखंच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अबू धाबीने तेहरानला आपला राजदूत परत पाठवला.

तुर्की नाटोत आहे. मग तो अमेरिकेशी एवढा फटकून का?

कारण त्याची तक्रारींची वही सर्वांत जाड आहे. १९६२ च्या क्युबा पेचात अमेरिकेने तुर्कीतली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं रशियाला गुपचूप कबूल केलं, तुर्कीला विचारलंही नाही. १९६४ मध्ये सायप्रसवरून अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्र लिहिलं, की तुम्ही तिथे फौज घेऊन उतरलात आणि रशिया तुमच्यावर आला तर नाटो मदतीला येईलच असं धरू नका. १९७४ मध्ये तुर्की उतरला, आणि १९७५ ते ७८ शस्त्रबंदी आली. हे पत्र तुर्कीत आजही वादाच्या ओघात निघतं.

१ मार्च २००३ चा किस्सा विशेष आहे. इराकवर उत्तरेकडून चाल करायला तुर्कीची जमीन द्यायची का, यावर अंकाराच्या संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. 'हो' जास्त असूनही हजर सदस्यांचं निम्म्याहून अधिक मत पडलं नाही म्हणून ठराव नापास झाला, आणि जहाजांवर वाट पाहत असलेल्या अमेरिकी फौजेला वाट बदलावी लागली. त्याच वर्षी ४ जुलैला उत्तर इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की सैनिकांना पकडून त्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवल्या. तुर्की माणूस हे विसरलेला नाही.

पुढे सीरियात 'इस्लामिक स्टेट'शी लढायला अमेरिकेने ज्या कुर्द गटाला हाताशी धरलं, त्याला अंकारा आपल्या घरच्या दहशतवाद्यांचा भाऊ मानतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरून सैनिक मागे घेतले, तुर्की फौजा आत घुसल्या. गरज सरो वैद्य मरो, हे कुर्दांइतकं क्वचितच कुणी अनुभवलं असेल.

तुर्कीचे अध्यक्ष एर्दोगान यांनी यातून काढलेला निष्कर्ष व्यवहारी आहे. २०१९ मध्ये रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून हाकलून घेतलं. घरचे ड्रोन बनवले. स्वीडनच्या नाटो प्रवेशावर दीड वर्ष बसून राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये संसदेने होकार देताच काही दिवसांत अमेरिकेने एफ-१६ विमानांच्या विक्रीला मान्यता दिली. अमेरिकेचं धोरण बदलत राहणं ही त्यांच्या दृष्टीने बाजारात भाव वरखाली होण्यासारखी गोष्ट आहे. विकायला काहीतरी हातात असलं म्हणजे झालं.

इराणला अमेरिकेचा अध्यक्ष कोण, याने फरक पडतो का?

पडतो, पण 'कोणीही असला तरी सही टिकत नाही' या अर्थाने.

तेहरानमध्ये मोजणी ऑगस्ट १९५३ पासून सुरू होते. निवडून आलेले पंतप्रधान मोसादेघ यांना अमेरिका-ब्रिटनने घडवलेल्या बंडात पाडलं गेलं. अमेरिकेची मोजणी नोव्हेंबर १९७९ पासून, दूतावासातल्या ओलिसांच्या ४४४ दिवसांपासून. दोघं एकाच भांडणाची वेगवेगळी पहिली पानं वाचतात.

मधे उजेडाच्या तिरीपीही आल्या. २००१ च्या शेवटी तालिबान पडल्यावर काबूलमध्ये नवं सरकार बसवायला जर्मनीतल्या बॉनच्या परिषदेत इराणने अमेरिकेला मदत केली. काही आठवड्यांत, जानेवारी २००२ मध्ये, बुश यांनी इराणचं नाव 'सैतानी अक्षा'त, म्हणजे अमेरिकेच्या शत्रू देशांच्या यादीत, घातलं. मदतीच्या बाजूने बोलणारे इराणी नेते घरातच तोंडघशी पडले.

मग १४ जुलै २०१५ चा अणुकरार. इराणने युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत आणि साठा ३०० किलोपर्यंत मर्यादित ठेवायचं मान्य केलं. निरीक्षक 'पाळतोय' असा अहवाल देत असतानाच ८ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी करार सोडला. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर गेला. बायडेन आले, करार परत जुळला नाही. इराणने वाटाघाटीत मागितलेली हमी साधी होती, की पुढचा अध्यक्ष हे मोडणार नाही एवढं सांगा. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी हमी द्यायची सोयच नाही. सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झालेला तह ही एक वाट, आणि ती राजकारणाने बंद केलेली.

जून २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने बोलणी चालू होती, १५ तारखेला मस्कतमध्ये पुढची फेरी ठरली होती. १३ तारखेला इस्रायलने हल्ला केला आणि २२ तारखेला अमेरिकी विमानांनी फोर्दो, नतान्झ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. इराणमधल्या कट्टरांना आता भाषण करायचीही गरज उरलेली नाही, ही तारखांची यादी वाचली तरी पुरते. याचा अर्थ इराणची राजवट निरागस आहे असा नाही. लेबनॉनमधली हिजबुल्ला, हुती आणि इराकमधल्या टोळ्यांना दारूगोळा पुरवून तिने शेजाऱ्यांची झोप उडवलेली आहेच, आणि शेजारी अमेरिकेकडे धावले ते त्याही कारणाने.

इस्रायल तर अमेरिकेचा लाडका. त्याला कसली काळजी?

लाडक्यालाच जास्त काळजी असते. २०१६ च्या समझोत्याने इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर मिळायचे ठरले. शेजाऱ्यांपेक्षा इस्रायलची लष्करी सरशी टिकवणं हे अमेरिकेच्या कायद्यातच आहे. तरीही १९५६ च्या सुएझ युद्धानंतर आयझेनहॉवर यांनी दमात घेऊन सिनाई रिकामं करायला लावलं, ही आठवण जेरुसलेममध्ये पुसलेली नाही.

२०२५ चा मे महिना बघा. ट्रम्प रियाध, दोहा, अबू धाबीला गेले, इस्रायलला गेले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी हुतींशी परस्पर युद्धविराम केला. त्यात अमेरिकी जहाजांना अभय होतं, इस्रायलला नव्हतं. सीरियावरचे निर्बंध उठवायची घोषणा केली आणि कालपर्यंत ज्यांच्या डोक्यावर अमेरिकेचं इनाम होतं त्या सीरियाच्या नव्या अध्यक्षांशी, अहमद अल-शरांशी, हस्तांदोलन केलं. पुढच्याच महिन्यात इराणवर बॉम्ब टाकून इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहूंची दोन दशकांची इच्छा पुरी केली, आणि युद्धविराम झाल्यावर 'विमानं मागे फिरवा' असं जगासमोर सुनावलं. नोव्हेंबरमध्ये सौदीला एफ-३५ विकायचं कबूल केलं. यातला ट्रम्प मित्र कोणता आणि व्यापारी कोणता, हे इस्रायलला ठरवता येत नाही. मला वाटतं, ते वेगळं करताच येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये कतारमध्ये जे झालं, ते एवढं मनावर का घेतलं गेलं?

कारण त्याने हिशेबच चुकवला. अमेरिकेचा तळ घरात असला की घर सुरक्षित, या एका समजुतीवर आखात उभं होतं. जूनमध्ये इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रं सोडली. आधी कळवून सोडली, नुकसान फारसं झालं नाही, चला, समजून घेता येतं. पण ९ सप्टेंबरला इस्रायलने थेट दोहात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला, त्यात कतारचा एक सुरक्षारक्षकही गेला. म्हणजे शत्रूचा मार बसला तो अमेरिकेच्या तळामुळे, आणि अमेरिकेच्या दोस्ताचा मार बसला तो तळ असूनही. कुंपणच शेत खाऊ लागलं तर तक्रार कुणाकडे करायची?

पाठोपाठ डागडुजी झाली. महिनाअखेरीस नेतान्याहूंनी व्हाइट हाऊसमधून फोन करून कतारच्या पंतप्रधानांची माफी मागितली. ट्रम्प यांनी आदेश काढला की कतारवरचा सशस्त्र हल्ला अमेरिकेच्या शांततेला धोका मानला जाईल. शब्द मोठे आहेत, पण तो अध्यक्षीय आदेश आहे, तह नाही. पुढचा अध्यक्ष एका सहीने रद्द करू शकतो.

सौदी-पाकिस्तान संरक्षण करार त्याच रागातून झाला का?

दोहावरच्या हल्ल्यानंतर आठ दिवसांनी, १७ सप्टेंबर २०२५ ला, रियाधमध्ये सही झाली. एकावरचा हल्ला तो दोघांवरचा हल्ला. बोलणी आधीपासून चालू होती, त्यामुळे 'रागातून' म्हणणं सोपं उत्तर होईल. मुहूर्त मात्र रागाने साधला. सौदीने इथेही तळ्यात-मळ्यात सोडलं नाही. दोन महिन्यांनी सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान वॉशिंग्टनला गेले, स्वतंत्र संरक्षण करार केला, 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्र' हा दर्जा घेतला आणि गुंतवणुकीचं आश्वासन एक लाख कोटी डॉलरपर्यंत नेलं. एवढा पैसा खरंच कधी येईल का, यावर अर्थतज्ज्ञ मान हलवतात. तो आकडा बहुधा ऐकण्यासाठीच असतो.

या देशांना ट्रम्प आवडतात की बायडेन?

आखाती राजांना ट्रम्प, कारण ते लोकशाहीवर प्रवचन देत नाहीत. बायडेन यांनी उमेदवार असताना सौदीला वाळीत टाकू म्हटलं, आणि जुलै २०२२ मध्ये जेद्दाला जाऊन राजपुत्राच्या मुठीला मूठ लावली. ऑक्टोबरमध्ये सौदीच्या पुढाकाराने ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाने रोजचं उत्पादन वीस लाख पिंपांनी कमी करायचं ठरवलं. शब्द आणि मूठ, दोन्ही वाया गेलं.

पण आवडणं वेगळं, विसंबणं वेगळं.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? रत्नागिरीतल्या घरात काय फरक पडतो?

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रत्नागिरी-रायगडमधल्या कित्येक गावांतली घरं दुबई, कुवेत, दम्मामच्या पैशाने उभी राहिली आहेत. मुसफ्फाला ड्रोन पडतो तेव्हा फोन तिथल्या शेखांच्या घरी नंतर वाजतो, आधी इथे वाजतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगाच्या वापरातलं जवळपास एक-पंचमांश तेल जातं, आपलं बरंचसं त्यातच.

धोरणाच्या पातळीवर चाबहार हे आपलं दुखरं बोट. मे २०२४ मध्ये भारताने या इराणी बंदरातला धक्का दहा वर्षं चालवायचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतली सूट काढली, मग सहा महिन्यांपुरती परत दिली. अशा सहामाही परवान्यावर बंदरात क्रेन कोण बसवणार? सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत थाटाने जाहीर झालेला भारत-पश्चिम आशिया-युरोप मार्गही महिन्याभरातच हमासच्या ७ ऑक्टोबरच्या इस्रायलवरील हल्ल्याने आणि गाझाच्या युद्धाने अडकला. अमिराती जे करते ते पाहून आपले मुत्सद्दी चकित होत नाहीत, याचं कारण उघड आहे. सर्वांशी बोलायचं, कुणाला अंगठा कापून द्यायचा नाही, हा आपलाच जुना धंदा.

एवढा अविश्वास आहे, तर हे देश अमेरिकेचे तळ बंद का करत नाहीत?

केले होते. १९७५ मध्ये शस्त्रबंदीचा राग म्हणून तुर्कीने आपल्या भूमीवरची अमेरिकी ठाणी ताब्यात घेतली आणि बंदी उठल्यावर ती पुन्हा सुरू झाली. सौदीचं उदाहरण तर ताजं आहे. रियाधच्या दक्षिणेला अल खर्जजवळ प्रिन्स सुलतान हवाई तळ आहे. मक्का-मदिनेच्या देशात परकी फौज कशाला, हा प्रश्न नव्वदच्या दशकात इतका पेटला की २००३ मध्ये अमेरिकी माणसं तिथून हलली आणि बरंचसं बिऱ्हाड अल उदैदला गेलं. सोळा वर्षं तो तळ अमेरिकी फौजेविना होता. इराणशी ताण वाढल्यावर जुलै २०१९ मध्ये राजे सलमान यांनी संमती दिली आणि काहीशे अमेरिकी सैनिक त्याच धावपट्टीवर परत उतरले.

दोन महिन्यांनी अबकैक पेटलं, तेव्हा ते तिथेच होते.